यल्लाप्पाची कोरी पट्टी

सुताराच्या तोंडून पॉलिशवाल्याची स्तुती सहसा ऐकायला मिळत नाही, आणि त्याला कारण आहे. लाकूड पारखून आणायचं आम्ही, रंधा मारून खांदे उतरायचे आमचे, सांध्यात केस शिरणार नाही अशी बसवणूक करायची आम्ही. मग शेवटच्या दोन दिवसांत एक मनुष्य येणार, कापसाचा बोळा फिरवणार, आणि घरधनी कपाटासमोर उभा राहून म्हणणार, "वा, काय चकाकतंय!" पंधरा दिवसांच्या सांध्यांकडे कोणी बघतसुद्धा नाही. त्यामुळे पॉलिशवाल्यांबद्दल मी जन्मभर थोडा आकस बाळगून आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. यल्लाप्पाबद्दल मात्र लिहायचं ठरवलं आहे. आकस त्याच्याबद्दलही होता. पण तो पुढेपुढे टिकला नाही.

माझा कारखाना तेव्हा अनगोळच्या वेशीजवळ होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन बाकं आणि मी. यल्लाप्पा शहापुरात, विणकरांच्या आळीत राहायचा. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या सूत रंगवण्याचं काम चाले. पुढे बाजारात तयार रंगाच्या पुड्या आल्या, विणकर आपलं सूत आपणच बुडवून काढू लागले आणि घरातल्या रंगाच्या कढया पालथ्या पडल्या. यल्लाप्पाने मग लाकूड धरलं. काकतीला दस्तगीर उस्ताद म्हणून एक जुने पॉलिशवाले होते, त्यांच्या हाताखाली तो बरीच वर्षं राहिला. मी त्याला ओळखू लागलो तेव्हा उस्ताद जाऊनही जमाना झाला होता आणि यल्लाप्पाच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. तो माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला आण्णा म्हणे आणि तो मला मिस्त्री.

अंगाने काटकुळा. धोतर, सदरा, डोक्याला रुमाल, सगळं पांढरंस्वच्छ. दिवसभर काव, काजळी आणि लाखेत हात घालणारा हा माणूस संध्याकाळी सोमवारच्या पूजेला निघाल्यासारखा दिसे. डाग फक्त एका ठिकाणी होता. उजव्या हाताचा अंगठा नखापासून मुळापर्यंत गडद तपकिरी, आणि तो राखेने घासला तरी जात नसे. बोलणं कमी, त्यातही निम्म्या वेळा एकच शब्द, "निधान." सावकाश, या अर्थाचा हा कानडी शब्द आमच्याकडे सगळ्यांना समजतो, पण एवढ्या वेळा तो वापरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी हातोडी जोरात मारली की निधान. गिऱ्हाइकाने घाई केली की निधान. एकदा माझ्या शेडमध्ये साप निघाला आणि मी बाकावर चढून ओरडलो, तेव्हाही हा खालून म्हणाला, "निधान, मिस्त्री. जातोय त्यो."

नव्या सामानाला पॉलिश करणारे गावात पुष्कळ होते. यल्लाप्पाला लोक बोलवायचे ते नवं आणि जुनं एकत्र आलं की. आजोबांच्या खुर्चीचा एक पाय मोडला, दाराची एक फळी वाळवीने खाल्ली, तर सुतार नवा पाय बसवणार, नवी फळी बसवणार. पण ते नवं लाकूड जुन्याशेजारी उघडं पडल्यासारखं दिसतं. त्याला जुन्यात मिसळवायचं काम यल्लाप्पाचं. त्याचं सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावायचं. चपडी लाख, स्पिरिटची बाटली, कात, हिरडे, काव, पिवडी, दिव्याची काजळी, शिरक्यात बुडवून ठेवलेले गंजके खिळे आणि निपाणीच्या तंबाखूचा चुरा. हा चुरा उकळून त्याचं पाणी लाकडाला लावलं की नवं सागवान एका दिवसात वीस वर्षांनी म्हातारं होतं, असं तो सांगे.

तंबाखूवरून आठवलं. आमच्या भागात एक निवृत्त हेडमास्तर होते. तंबाखूचे कडवे वैरी. रस्त्यात कोणी चिमूट मळताना दिसला तर त्याला उभा करून त्याच्या फुप्फुसांबद्दल व्याख्यान देत. त्यांच्या आरामखुर्चीचे दोन्ही हात मी नवे केले आणि यल्लाप्पाने ते जुळवले. मास्तर खूश. हातांवरून हात फिरवत म्हणाले, "यल्लाप्पा, रंग कसला रे हा? फार सात्त्विक दिसतो." मी त्याला डोळ्याने खुणावत होतो. याने सरळ सांगितलं, "तंबाखूचा जी. निपाणीचा." मास्तर चटका बसल्यासारखे उठले. पुढचे दोन दिवस त्यांनी वर्तमानपत्र उभ्याने वाचलं. तिसऱ्या दिवशी बसले, कारण गुडघे काही तत्त्वं मानत नाहीत. मी यल्लाप्पाला म्हणालो, "आण्णा, हिरड्याचा म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "इचारलं त्येंनी. इचारल्यावर काय करायचं?" त्याच्या दृष्टीने तो प्रश्न तिथेच संपला होता.

त्याच्या कामाची पद्धत बघून कोणालाही राग यावा. आधी तो अंगठा जिभेला लावी आणि तो ओला अंगठा लाकडावर घाशी. कोरड्या लाकडाला पॉलिश चढल्यावर जो रंग येणार, तो त्या ओल्या ठिपक्यात क्षणभर दिसतो. तेवढ्या क्षणात तो काय ते बघून घेई. खुर्चीपर्यंत हे ठीक होतं. पण एका घरात देव्हारा होता. शिसवी देव्हारा, त्याची एक कमान नवी बसवलेली. घरच्या बाई सोवळ्याच्या, आणि हा माझा शहाणा माणूस जिभेला अंगठा लावून कमानीकडे निघाला. बाई अशा किंचाळल्या की शेजारची माणसं जमा झाली. माझे कान लाल झाले. यल्लाप्पाने अंगठा सदऱ्यालासुद्धा पुसला नाही, तसाच हवेत धरून तो शांतपणे म्हणाला, "चुकलं आई. मग तुमीच तीर्थ द्या थोडं." बाईंनी पळीभर तीर्थ दिलं, त्याने त्यात बोट बुडवून कमानीवर ओढलं. नंतर चार दिवस तीर्थानेच रंग बघितला. काम संपल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाविक आहे हो माणूस." मी हो म्हणालो.

दुसरी खोड त्याहून महाग पडणारी. रंग लावायच्या आधी तो त्या घरात एक पूर्ण दिवस नुसता बसे. वस्तू जिथे ठेवायची त्या भिंतीसमोर, मांडी घालून, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. एका वकिलांकडे पुस्तकांच्या कपाटाची दोन दारं मी नवी केली होती, तिथे हा असाच बसला. वकील कोर्टात जाताना त्यांनी याला बसलेला पाहिला, परत आले तेव्हाही हा बसलेलाच. त्यांनी मला बोलावून विचारलं, "तुमचा माणूस काम करतो की माझ्या कपाटाला उपोषण करून दाखवतो?" मला तोंड लपवायला जागा नव्हती. परतताना मी यल्लाप्पावर चिडलो. तो म्हणाला, "सकाळचं उजेड येतंय खिडकीतनं, दुपारचं अंगणातल्या फरशीवरनं उडून येतंय. दोन्हीत ते कपाट येगळं दिसतंय. मी कुठलं जुळवू? बघायला नगं व्हय?"

मग त्याने माझ्या शेडमध्ये ती दारं रंगवली. मी बघितलं आणि हबकलो. चक्क लालसर. जुन्या कपाटाचा तुकडा शेजारी धरला तर धडधडीत वेगळी. मी म्हणालो, "आण्णा, हे जुळत नाही." तो म्हणाला, "हितं न्हाय जुळत." आम्ही दारं वकिलांकडे नेली, कपाटाला बसवली, आणि मी चार पावलं मागे सरून बघितलं. माझी स्वतःची दारं मला ओळखू येईनात. कुठलं नवं ते शोधायला बिजागऱ्या बघाव्या लागल्या. वकिलांनी घरातल्या सगळ्यांना बोलावून "सांगा बघू नवी दारं कुठली" असा खेळ सुरू केला. त्या दिवशी मला आनंद झाला आणि मत्सरही वाटला, अगदी सारख्याच प्रमाणात.

त्याच्या पेटीत एक सुतळीची माळ होती. प्रत्येक घरातल्या कामाच्या रंगाची एक लाकडी चीप, बोटाएवढी, भोक पाडून ओवलेली. त्यावर नाव नाही, गाव नाही. यल्लाप्पाला अक्षरओळख नव्हती. कुठलीही चीप धरा, तो सांगणार, "ही खानापूरची. दारात फणसाचं झाड, उजेड हिरवट." माणसांची नावं तो विसरे, घरांचे रंग नाही. चहासुद्धा तो रंगावर पी. माझ्या बायकोने कप पुढे केला की आधी उजेडात धरून बघणार, "वैनी, हे शिसवी झालं. जरा सागवानाकडं आणा." बायको कुरकुरत दूध घाली. पण दुसऱ्या कोणी चहाला नाव ठेवलं असतं तर तिने कप परत घेतला असता, हे मला ठाऊक आहे.

आता पट्टीची गोष्ट. इतकं बेमालूम काम करणारा हा माणूस प्रत्येक कामात एक जागा मुद्दाम कोरी सोडायचा. नव्या लाकडाच्या खालच्या अंगाला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, अंगठ्याएवढी रुंद एक पट्टी. तिच्यावर रंग नाही, लाख नाही, नुसतं लाकूड. तिचं एक टोक सरळ आणि दुसरं तिरकं. याला तो साक्ष म्हणे. उस्तादांनी शिकवलेलं होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "एवढं जुळवायचं आणि शेवटी आपणच चुगली करायची?"

"वरनं बघणाऱ्याला जुळलेलं दिसू दे की," तो म्हणाला. "पर उद्या दुसरा कोन कामाला बसंल, त्येला कळाय पायजे. खरं लाकूड कुठलं आन् माझं सोंग कुठलं. न्हायतर ती फसवणूक झाली, मिस्त्री."

माझी धाकटी बहीण गोदू निपाणीला दिली होती. तंबाखूच्या वखारीवाल्यांचं घर, खाऊनपिऊन सुखी. घरात सत्ता सासूची. त्यांना सगळे आक्का म्हणत, त्यांचे स्वतःचे मुलगेसुद्धा. त्या घरात एक शिसवी पाळणा होता, कातीव गजांचा, डोक्याकडच्या फळीवर दोन राघू कोरलेले. घरातलं प्रत्येक मूल बाराव्या दिवशी त्याच पाळण्यात घालायचं, हा कुळाचार. बारसं माहेरी असलं तरी पाळणा सासरहून जायचा. आणि त्याबरोबर आक्कांचा एक नियम, मोडून सांधलेल्या पाळण्यालाही लागू असलेला, "खंडलेल्या पाळण्यात मूल घालायचं न्हाय."

गोदूचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. तेव्हापासून घरात तिच्याबद्दल कुजबुज होती. तिच्या हाताला यश नाही, मुलाचं दुसरं लग्न बघावं, असं एका नातेवाइकाने आक्कांसमोर बोलून दाखवलं होतं आणि आक्कांनी त्याला गप्प बसवलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात, माहेरी निघण्याआधी, गोदूला वाटलं पाळणा आपल्या हाताने पुसून ठेवावा. आक्का घरी नव्हत्या. माळ्यावरून उतरवताना पाळणा तिच्या हातून सुटला. खालची एक लांब बाजू दुभंगली आणि तीन गज तुटले. नवऱ्याने तो तरटात गुंडाळला, आईला सांगितलं की सांधे ढिले झालेत, मेव्हण्याकडून आवळून घेतो, आणि मोटारीच्या टपावर टाकून माझ्याकडे आणला. गोदू सोबत होती. घरात पाऊल टाकल्यावर ती एकच वाक्य बोलली, "दादा, आक्कांना कळलं तर मला परत न्हेणार न्हाईत."

मी जन्मात केलं नसेल इतकं जपून ते काम केलं. समोरची लांब बाजू शाबूत होती, तिच्यावरून माप घेतलं, तिच्यासारखीच गोलाई, तसाच उतार. नवी बाजू हुबेहूब झाली, गज बसले. पण जुन्या पाळण्याला तेलकट हातांचं, काजळाचं, किती मुलांच्या अंगच्या उबेचं काळं तेज होतं आणि माझी नवी बाजू त्यात परकी दिसत होती. मी शहापूरला गेलो. यल्लाप्पाला सगळं सांगितलं, दुसऱ्या लग्नाच्या बोलण्यासकट. आणि शेवटी म्हणालो, "आण्णा, ह्या एका कामात साक्ष नको."

"पट्टी ऱ्हाणार."

"खाली वाकून कोणी बघितलं तर? माझ्या बहिणीचा संसार आहे."

"निधान, मिस्त्री."

मी भडकलो. काय वाटेल ते बोललो. तुझी पट्टी तुला माणसापेक्षा मोठी झाली, असंही म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाळणा धाडा. पट्टीशिवाय माझा हात चालत न्हाय. दुसरा कोन बघणार असला तर बघा." दुसरा कोणी नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. मी पाळणा पाठवला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

काही दिवसांनी तो स्वतः अनगोळला आला. बाहेरच उभा राहून त्याने एवढंच विचारलं, "तुमच्या भैनीच्या सासूचं माहेर कुठलं वो?"

"काकती," मी म्हणालो. "का?"

"काय न्हाय," म्हणून तो परत गेला. मला वाटलं, आता याला वंशावळीचाही नाद लागला.

गोदूला मुलगी झाली. ठणठणीत. आक्का बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी आल्या. उंच, ताठ, कपाळभर कुंकू, आवाजात हुकूम. आल्या आल्या विचारलं, "पाळणा कुठं हाय?" तो अजून आला नव्हता. गोदू बाळाला घेऊन आतल्या दाराशी उभी होती आणि तिच्या ओठांवर रंग राहिला नव्हता.

तासाभराने यल्लाप्पा आला. हमालाच्या डोक्यावर पाळणा, स्वतःच्या हातात पत्र्याची पेटी. सोप्यात त्याने पाळणा ठेवला आणि तरट सोडलं. मी बघितलं आणि माझा राग कुठच्या कुठे गेला. कुठली बाजू मी केली हे मला, करणाऱ्याला, सांगता येत नव्हतं. काजळाचं ते जुनं तेजसुद्धा त्याने नव्या बाजूवर उतरवलं होतं. आक्का खाली बसल्या. त्यांनी चारी बाजूंवरून हात फिरवला, एकेक गज चिमटीत धरून बघितला, राघूंच्या चोचींना बोट लावलं. आणि म्हणाल्या, "झ्याक झालंय. सांधे घट्ट झाले."

मी श्वास सोडला. गोदूने भिंतीला पाठ टेकली. सगळं निभावलं होतं. आणि यल्लाप्पा म्हणाला, "आक्का, जरा तळ बी बघून घ्या."

त्या क्षणी माझ्या हाताशी हातोडी असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. कोणी काही बोलायच्या आत त्याने पाळणा अलगद उलटा केला. माझ्या नव्या बाजूच्या खालच्या अंगाला ती पट्टी होती, उघडी, तिचं एक टोक तिरकं. मी डोळे फिरवले, आणि मग मला दुसरी दिसली. समोरच्या बाजूवर, म्हणजे जिला मूळची समजून मी माप घेतलं होतं तिच्या खाली, तशीच एक पट्टी. अंगठ्याएवढी रुंद, वयाने पिवळी पडलेली, टोक तिरकं. वर्षानुवर्षांची काजळी आणि तेल स्पिरिटने पुसून काढल्यावर ती उघडी झाली होती. मी सुतार, आणि मी दुसऱ्या कोणाच्या तरी दुरुस्तीची नक्कल केली होती.

यल्लाप्पा हळू आवाजात, फक्त आक्कांना म्हणाला, "ही माझी. आन् ही माझ्या उस्तादांची. काकतीच्या."

आक्कांनी त्या पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. ताठ पाठ हळूहळू वाकली.

"हायत अजून त्ये?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. जाऊन लई वर्सं झाली."

"नवी नवरी होते मी. रिकामाच झोका देऊन बघताना पाळणा हुकातनं सुटला. माझ्या बानं गुपचूप काकतीला न्हेला. मी त्येंच्या पाया पडले हुते, कुणाला सांगू नगा म्हणून."

"न्हाय सांगितलं त्येंनी आक्का. मला बी न्हाय सांगितलं."

मग यल्लाप्पाने पेटी उघडली. बोळा काढला, रंगाची लहान बाटली काढली. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो म्हणाला, "पायजे असंल तर दोन्ही बुजवतो. आत्ता, तुमच्या म्होरं. रंग करूनच आनलाय. मग जगात कुणालाच कळायचं न्हाय."

आक्कांनी मान वर केली आणि दाराशी उभ्या असलेल्या गोदूकडे पाहिलं. गोदू रडत होती, आवाज न करता, बाळाच्या टोपडीत तोंड घालून. आक्का म्हणाल्या, "माझी चार पोरं ह्यात झोपली. एकाला बी मी निवांत झोपवलं न्हाय. सारखी नाकाशी हात धरायची. खंडलेल्या पाळण्यात घातलंय, आता काय हुतंय, आता काय हुतंय. चौघं बी धडधाकट झाली, तरी माझा जीव थाऱ्यावर आला न्हाय." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा केला. "राहू दे दोन्ही. गोदू, हिकडं ये गं. बस हितं. ह्या जुन्या पट्टीला हात लावून बघ."

गोदू बसली. तिने एक हात आक्कांच्या पट्टीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बाळ धरलं. तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं त्या घरात पुन्हा कधी निघालं नाही.

चहा पिताना मी यल्लाप्पाशेजारी बसलो. बरंच काही बोलायचं होतं, पण एवढंच विचारलं, "आण्णा, त्या हो म्हणाल्या असत्या तर खरंच बुजवली असतीस? उस्तादांची?"

"बुजवली असती," तो म्हणाला. कप उजेडात धरून त्याने रंग बघितला. "आन् घरी जाऊन रडलो असतो."

पुढे महायुद्धाची लढाई सुरू झाली. स्पिरिट मिळेना, चांगली लाख दिसेना. नवं सामान करणारे हात चोळत बसले, यल्लाप्पाचं मात्र कात, हिरडे आणि तंबाखूवर चाललं होतं. मग त्याला दम लागू लागला. शहापूरहून अनगोळपर्यंत चालत येणं बंद झालं. मी अधूनमधून त्याच्याकडे जात असे. गोदू निपाणीहून आली की मुलीला घेऊन त्याच्या घरी जायची, आणि ती पोरगी त्याचा तपकिरी अंगठा धरून बसायची.

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात त्याने मला बोलावलं. त्याच्या घराच्या पुढच्या दाराची एक फळी खालून कुजली होती. दाराचं सागवान जुनं, त्याच्या आज्याच्या वेळचं, सुताच्या रंगांचे शिंतोडे उडून उडून त्याला भलताच गोड रंग आलेला. मी नवी फळी बसवून दिली. पैशांचं नाव काढू दिलं नाही. आठवड्याने गेलो तेव्हा तो दारासमोर, रस्त्यापलीकडच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. कपडे तसेच पांढरे. फळी कोरीच होती.

"अजून रंग नाही लावलास?" मी म्हणालो.

"जागा बघतोय," तो म्हणाला. "मागांवरचं सूत वाळत घालत्यात समोर. लाल असलं की दार एक दिसतंय, हिरवं असलं की दुसरं. इतकी वर्सं ह्या घरात ऱ्हायलो, पर दार कधी बघितलंच न्हवतं."

"मग केव्हा लावणार?"

"निधान, मिस्त्री."

मी हसलो आणि निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर तो तसाच बसला होता, दाराकडे बघत, मान एका बाजूला थोडी कलती. तेच शेवटचं दर्शन. चार दिवसांनी निरोप आला.

वर्ष झाल्यावर त्याच्या मुलाने मला गाठलं. लग्न ठरलं होतं, घर सारवून-रंगवून घ्यायचं होतं. दारावरची ती एकच फळी पांढरी दिसते, ती जुळवून द्याल का, असं त्याने विचारलं. मी गेलो. पत्र्याची पेटी त्याने जपून ठेवली होती, ती पुढे आणून ठेवली. मी दारापुढे बसलो. मग यल्लाप्पा करायचा तसा अंगठा जिभेला लावला आणि फळीवर घासला. ओल्या ठिपक्यात क्षणभर एक रंग आला, मधासारखा, आणि बघता बघता वाळून गेला. समोर कोणाचं तरी लाल सूत वाळत होतं. मी पेटीचं झाकण लावलं आणि पोराला म्हणालो, "राहू दे तशीच."